१.४५ ठेवू काय मामा?

तीन आठवड्यांमागं एका रात्री साडेअकराला भाच्याचा फोटो आला. भाचा अथणीला असतोय, इंजिनिअरिंगला हाय, उसाचं बिल आल्यावर भावोजींनी त्याला नवा कॉम्प्युटर घेऊन दिलाय, त्यात प्रोसेसर इंटेलचा चौदाव्या पिढीचा आय७, तो पण के वाला म्हणजे ओव्हरक्लॉकला, ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त स्पीडनं पळवायला, कुलूप नसलेला. फोटोत बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगचा स्क्रीन, कोअर व्होल्टेजच्या, म्हणजे प्रोसेसरला किती व्होल्ट द्यायचे त्या चौकटीत १.४५ टाइप केलेलं, आणि खाली प्रश्न, "ठेवू काय मामा?" मी अंथरुणातनं उठून आधी एवढंच पाठवलं, "थांब, सेव्ह मारू नको." मग फोन लावला. तासभर बोललो असेन, बायको दोनदा दार ओढून गेली. हाच प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतल्या, कारखान्यांच्या भागातल्या, दोघातिघांनी पण वेगवेगळ्या तोंडानं विचारलाय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

मी स्वतः अनगोळात घरातनंच कॅडची कामं करतो, फौंड्रीवाल्यांची पॅटर्नची ड्रॉइंग, मशीनशॉपचे टूलपाथ म्हणजे मशीनवर टूल कुठनं फिरायचं ते आकडे, असलं. पीसी दिवसाला दहा तास चालतोय. त्यामुळं व्होल्टेजशी माझा संबंध गेममुळं आलेला नाही, तो उष्णता, लाईटबिल आणि लाईट गेल्यावर यूपीएस किती मिनिटं टिकतोय ह्यातनं आलाय.

आधी एक गोंधळ काढून टाकतो. खानापूरकडचा एक मित्र म्हणाला, आमच्याकडं लाईट कधी १९० कधी २५०, स्टॅबिलायझर लावला तर ओव्हरक्लॉक जास्त जाईल काय? नाही जाणार. भिंतीतलं २३० व्होल्ट वेगळं आणि प्रोसेसरच्या पोटातलं सव्वा व्होल्ट वेगळं. मधी दोन पायऱ्या आहेत. पहिली एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, ती २३० चं १२ व्होल्ट डीसी करती, आणि भिंतीत थोडं कमीजास्त झालं तरी १२ चं १२ च ठेवायचा प्रयत्न करती. दुसरी पायरी मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी जे अॅल्युमिनियमचे ठोकळे दिसतात त्यांच्याखाली, त्याला व्हीआरएम म्हणतात. ते १२ व्होल्टची लाईन सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद चालू-बंद करतं आणि कॉइल, कपॅसिटरमधनं गाळून प्रोसेसरला लागेल तेवढंच देतं. आणि किती लागेल हे प्रोसेसर स्वतःच सांगत असतो, आता मला १.१८ दे, आता १.३२ दे, आता मी झोपलोय ०.७ बस झालं. हे असं सेकंदात कितीतरी वेळा चालतं. स्टॅबिलायझर लावायचा तर लावा, पण प्रोसेसरला त्याचा पत्ता पण लागत नाही.

ह्या सव्वा व्होल्टला लहान समजू नका. १२० वॅटचं काम १.२ व्होल्टवर करायचं म्हणजे १०० अँपिअर. घरातला २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर खातो, आणि त्याला आपण वेगळी जाड वायर आणि मोठा पॉइंट काढतो. इथं त्याच्या दहापट करंट नखाएवढ्या सिलिकॉनमधनं चाललाय. हे १०० अँपिअर डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहेत.

आता व्होल्टेज वाढवलं की प्रोसेसर जोरात का पळतो? तर तो आपोआप पळत नाही, हे आधी. नुसतं व्होल्टेज वाढवून क्लॉक तोच ठेवला तर काम एक कणभर पण लवकर होत नाही, फक्त तापतो. स्पीड ठरवतो क्लॉक. व्होल्टेज फक्त त्या क्लॉकला झेपेल एवढी ताकद देतं.

स्लॅबच्या दिवशी घमेली पास करणारी रांग बघितलाय ना? खाली मिक्सर, वर मिस्त्री, मधी जिन्यावर वीस माणसं. समजा मिस्त्रीनं ठरवलं की मी शिट्टी मारली की माझ्या हातात घमेलं पाहिजे, आलं नसेल तर जे हातात असेल तेच ओतून मोकळा होणार. शिट्टी म्हणजे क्लॉक. एका शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत खालचं घमेलं वर पोचलंच पाहिजे. प्रोसेसरमधी अशा लाखो रांगा आहेत, आणि सगळ्यात लांबच्या, सगळ्यात सुस्त रांगेवर अख्ख्या क्लॉकची मर्यादा ठरती. ४.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साडेचारशे कोटी शिट्ट्या. व्होल्टेज वाढवलं की प्रत्येक ट्रान्झिस्टर, म्हणजे रांगेतला एकेक माणूस, जास्त करंट सोडतो, पुढच्याला लवकर भरतो, म्हणजे माणसांच्या हातात जोर येतो आणि घमेलं लवकर वर जातं. मग शिट्ट्या जवळजवळ मारता येतात. शिट्ट्या वाढवल्या आणि जोर वाढवला नाही तर मिस्त्री रिकाम्या हातानं ओततो, त्यालाच आपण क्रॅश म्हणतो. क्रॅश झाला तर नशीब म्हणायचं, कारण कधीकधी अर्धवट भरलेलं घमेलं ओतलं जातं आणि कुणाला कळत पण नाही, स्लॅब नंतर गळतो. त्या गळण्यावर येतो पुढं.

जोर फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत सरळ वाढत नाही, वर्गात वाढती. चालू असलेल्या चिपची वीज म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक, हे सूत्र पुस्तकात असतंय पण वर्ग का, हे कुणी सांगत नाही. गच्चीवरच्या टाकीचं बघा. टाकीला खालून एक उभा पाइप जोडलाय, नळ सोडला की टाकीतल्या पाण्याच्या उंचीइतकंच त्या पाइपात पाणी चढतं. टाकी दुप्पट उंच केली तर पाइपात दुप्पट पाणी मावतं. आणि ते प्रत्येक लिटर पाणी मोटरनं दुप्पट उंच चढवलेलं असतंय. दुप्पट पाणी, दुप्पट उंची, मोटरचं बिल चौपट. ट्रान्झिस्टरच्या पुढं बसलेला कपॅसिटर म्हणजे तो पाइप, एक लिहायचा तर भरायचा, शून्य लिहायचा तर मोरीत ओतून द्यायचा. आणि ओतलेलं परत टाकीत जात नाही, सगळी उष्णता होती. सेकंदाला किती वेळा भरून ओतता, तो क्लॉक.

आकडे टाकून बघा म्हणजे पटतंय. १.२० व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्झ चालतोय. तो ४.८ करायचाय आणि त्यासाठी १.३५ व्होल्ट लागतंय असं समजा. क्लॉक वाढला पावणेसात टक्के. व्होल्टेजचा वर्ग वाढला साडेसव्वीस टक्के. दोन्हीचा गुणाकार केला की वीज ३५ टक्के जास्त, पावणेसात टक्के स्पीडसाठी. आता उलटं करा, क्लॉक ४.५ च ठेवून १.२० चं १.१० केलं, तर वीज १६ टक्के कमी आणि स्पीड जिथल्या तिथं. भाच्याला मी हे दोन आकडे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

आणि ह्यात अजून गळती धरलेली नाही. ट्रान्झिस्टर बंद असला तरी पूर्ण बंद नसतोय, घट्ट पिळलेला नळ पण टिपटिप करतोच, आणि असे नळ अब्जावधी आहेत. व्होल्टेज वाढलं की टिपटिप वाढती, तापमान वाढलं की पण वाढती. म्हणजे व्होल्टेजनं तापतो, तापल्यानं गळतो, गळल्यानं आणि तापतो. कूलर चांगला असेल तर हे चक्र कुठंतरी थांबतं, नाहीतर प्रोसेसर १०० डिग्रीला पोचून आपला क्लॉक आपणच खाली ओढतो. मग ओव्हरक्लॉक कागदावर ४.८ आणि प्रत्यक्षात ४.३. असले ओव्हरक्लॉक मी लई बघितलेत.

ह्या गळतीनंच अख्ख्या धंद्याची दिशा बदलली. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं आणि त्याच मापात व्होल्टेज पण कमी करत गेलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवून, क्लॉक वाढवून पण उष्णता तेवढीच राहती. तीस वर्षं सगळ्यांनी हेच केलं. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा, पुढच्याच वर्षी ३.३ वर आला, आणि २००० च्या आसपास दीड-पावणेदोन. मग एक व्होल्टच्या जवळ येऊन गाडी अडकली, कारण ट्रान्झिस्टर चालू व्हायचा जो उंबरठा असतो तो पण खाली आणावा लागतो, आणि तो ६० ते १०० मिलिव्होल्टनी खाली आणला की गळती दहापट. दहा टक्के नव्हे, दहापट. इंटेलनं २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत रद्द केला तो ह्याच उष्णतेच्या काळात, आणि तिथनं पुढं क्लॉकऐवजी कोअर, म्हणजे एकाच चिपेतले काम करणारे मेंदू, वाढवायचा रस्ता धरला. म्हणून आज पण तुमचा प्रोसेसर एक ते दीड व्होल्टच्या मधीच घुटमळतोय.

आता मुद्द्यावर येतो. फॅक्टरीतनं प्रोसेसर येतो तेव्हा त्याला जरुरीपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज लिहून दिलेलं असतंय. का? आपल्या उद्यमबागेत टर्निंगवाल्याला विचारा, टॉलरन्स कशाला ठेवतोस. एकाच वेफरमधनं, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतनं, निघालेल्या चिपा पण सारख्या नसतात, एक १.१५ वर जे करती ते दुसरीला १.२२ लागतंय, ह्यालाच लोक सिलिकॉन लॉटरी म्हणतात. कंपनी प्रत्येक चिपेची चाचणी घेऊन तिचा तक्ता तिच्यातच भरती, पण प्रत्येकीला आठवडाभर तपासत बसणं परवडत नाही, म्हणून वर थोडी सूट. त्यावर अजून सूट स्वस्त मदरबोर्डसाठी. अजून सूट उन्हाळ्यासाठी. अजून सूट चिप म्हातारी होण्यासाठी, कारण वर्षं गेली की त्याच क्लॉकला थोडं जास्त व्होल्टेज लागायला लागतं. ह्या सगळ्या सुटींची जी शिल्लक, ती तुमच्याकडं येती. ओव्हरक्लॉक करणारा ती शिल्लक क्लॉक वाढवून खातो, अंडरव्होल्ट करणारा व्होल्टेज कमी करून खातो, पण खातात दोघं पण एकाच डब्यातलं. म्हणून अंडरव्होल्ट केलं की चिपेला इजा होत नाही हे खरं, पण स्टेबल राहीलच हे खरं नाही.

आणि ही शिल्लक रोज सारखी नसती. खानापूरच्या पुढं एखाद्या वाडीत गिरणी सुरू झाली की घरातला बल्ब एकदम मंद होतोय बघितलाय? आणि गिरणी बंद केली की क्षणभर झगझगतो. प्रोसेसरमधी सेम टू सेम. ते १०० अँपिअर आठवा. व्हीआरएमपासून चिपपर्यंतच्या रस्त्यात एक ओहमचा हजारावा भाग एवढा जरी रेझिस्टन्स असला तरी १०० अँपिअरला ०.१ व्होल्ट वाटेतच पडतं. म्हणजे बायोसात १.३० टाकलं तरी रेंडरसारखं जड काम सुरू झाल्यावर चिपेच्या हातात १.२० च. ह्याला व्हीड्रूप म्हणतात आणि हा बिघाड नव्हे, हे मुद्दाम ठेवलेलं असतंय. कारण लोड एकदम सुटला की गिरणी बंद झाल्यासारखं व्होल्टेज वर उसळतं, आणि आधीच ते थोडं खाली बसलेलं असेल तर उसळी धोक्याच्या रेषेपर्यंत जात नाही.

बायोसात लोडलाइन कॅलिब्रेशन नावाचं एक सेटिंग असतंय, एलएलसी, त्यात लेव्हल १ ते ८ असलं काहीतरी. ते ही पडझड भरून काढतं. पोरं काय करतात, सगळ्यात कडक लेव्हल लावतात, स्क्रीनवर आकडा एकदम सपाट दिसतो, खूश. पण सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो सेकंदात एखाददुसऱ्या वेळेला घेतलेला असतोय, उसळी मायक्रोसेकंदात येऊन जाती, ती तुम्हाला दिसतच नाही. मधली लेव्हल ठेवा आणि आकडा थोडा हलला तर हलू द्या. आणि लक्षात ठेवा, कुठल्या कंपनीत १ म्हणजे कडक आणि कुठल्या कंपनीत ८ म्हणजे कडक, मॅन्युअल बघितल्याशिवाय हात लावू नका.

इथं भाच्यानं मला अडवलं. "पण मामा, एचडब्ल्यूइन्फोत, त्या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरात, ऑटोवर असताना पण कधीकधी १.४ दिसतंय की. मग मी १.४५ टाकलं तर काय बिघडलं?" प्रश्न चांगला होता. ऑटोवर १.४ कधी दिसतंय? जेव्हा एखाददुसरा कोअर एकटा साडेपाच गिगाहर्ट्झला पळत असतो, ब्राउझर उघडताना वगैरे. तेव्हा करंट थोडा, उष्णता थोडी. सगळे वीस कोअर एकदम कामाला लागले की प्रोसेसर स्वतःच क्लॉक खाली घेतो आणि व्होल्टेज पण खाली मागतो. तुम्ही मॅन्युअल १.४५ टाकलं की ही मागणीच बंद. एक कोअर असो की वीस, काम असो की नसो, १.४५. व्होल्टेज जास्त, करंट जास्त, तापमान जास्त, तिन्ही एका वेळेला, आणि चिपेला नेमकं हेच बाधतं.

कसं बाधतं ते पण सांगतो, कारण "जळतो" हा शब्द चुकीचा हाय, बहुतेक वेळा काही जळत नाही. दोन गोष्टी होतात. एक, तांब्याच्या त्या केसाहून बारीक तारांत करंटच्या रेट्यानं अणू हळूहळू सरकतात, ओढ्याच्या पाण्यानं काठाची माती सरकावी तसे, कुठं तार बारीक होती कुठं गाठ येती. दुसरी, ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा इन्सुलेशनचा थर, जो मोजक्याच अणूंच्या जाडीचा असतोय, तो व्होल्टेजच्या ताणानं झिजत जातो. दोन्ही तापमानानं भराभर वाढतात. पीसी चालूच असतो, पण जो क्लॉक काल १.२५ वर जायचा त्याला आज १.२७ लागतंय, सहा महिन्यांनी १.३०. तुम्हाला वाटतं विंडोजच बिघडलं.

हे गोष्टीतलं नव्हे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधी २०२४ मध्ये हेच झालं, आणि ते पण ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांचं. गेम बंद पडायचे, फाइल उघडताना एरर यायचे. इंटेलनं शेवटी सांगितलं ते असं, की कोअरमधल्या क्लॉक पोचवणाऱ्या सर्किटला जास्त व्होल्टेज आणि तापमानात म्हातारपण लवकर येतंय, आणि मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, प्रोसेसरला जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज मागायला लावत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड आला, त्यानं १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला आळा घातला, सप्टेंबरात ०एक्स१२बी आला, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप मात्र ह्यानं बरी होत नाही. भाच्याचा प्रोसेसर नेमका चौदाव्या पिढीचा. त्याला म्हटलं, व्होल्टेजचं नंतर, आधी बायोस अपडेट केलास काय? केला नव्हता. पेनड्राइव्ह शोधायला अर्धा तास गेला. यूपीएसवर लावूनच कर म्हटलं, बायोस लिहिताना लाईट गेली तर निस्तरायला बसावं लागतंय.

एएमडीवाल्यांनी पण हसू नये. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० चे एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटात जळालेले सापडले, ते मात्र खरोखर जळालेले, खालनं फुगलेले. रॅम जोरात चालवायचं प्रोफाइल लावलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे कोअर सोडून रॅम सांभाळणाऱ्या वगैरे भागाचं व्होल्टेज, गुपचूप लई वर नेत होते, मग एएमडीनं ते १.३ व्होल्टला बांधून टाकलं. तुम्ही फक्त रॅमचं प्रोफाइल लावता आणि बोर्ड मागनं आपलं शहाणपण करतंय. ऑटो म्हणजे सेफ असं धरून चालू नका, ऑटोवर पण एकदा आकडे बघून घ्या.

बरं, जे लोक ९ गिगाहर्ट्झचे रेकॉर्ड करतात ते? इंटेलचा तेराव्या पिढीचा आय९ २०२२ च्या शेवटी ९ च्या वर गेला, द्रवरूप हेलियम ओतून. तिथं तापमान उणे सव्वादोनशेच्याही खाली, गळती जवळजवळ नाही, आणि चिपेनं काही मिनिटं तग धरला की काम झालं. तिला दहा वर्षं टॅली चालवायची नसती. अथणीत मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकतं.

आता माझ्या स्वतःच्या शहाणपणाची गोष्ट. माझ्याकडं रायझन ५००० चा सहा कोअरचा हाय. त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणून सोय असते, कुठल्या क्लॉकला किती व्होल्टेज ह्या कर्व्हला खाली ओढायची, प्रत्येक कोअरला उणे १, उणे २ असं करत उणे ३० पर्यंत जाता येतं, एक घर म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. मी काय केलं, सगळ्या कोअरना उणे ३० मारलं. सिनेबेंचची टेस्ट पास, तासभर रेंडर पास, स्कोअर उलट वाढला. लई भारी वाटलं. तीन आठवड्यांनी चहाला उठलो, परत आलो तर पीसी रिस्टार्ट होऊन लॉगिनवर बसलेला. काम चालू असताना कधी पडला नाही, रिकामा असताना पडला! कारण उणे ३० त्या कर्व्हच्या सगळ्याच टोकांना लागतं, हलक्या कामात एक कोअर एकदम वर उडी मारतो आणि त्या उडीला व्होल्टेज कमी पडतंय. आणि पॅकेजमधले सगळ्यात चांगले म्हणून निवडलेले जे दोन कोअर असतात, त्यांना आधीच कापून दिलेलं असतंय, त्यांच्याकडं शिल्लक कमी. ते उणे १२ च्या खाली जायला तयार नाहीत, बाकीचे चार उणे २५ वर मजेत आहेत.

पण रिस्टार्टचं मला वाईट वाटलं नाही. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाईकाला पाठवलेली झिप फाइल त्याच्याकडं उघडेना, माझ्याकडं पण उघडेना. व्होल्टेजमुळंच झालं असं शपथेवर सांगणार नाही, पण इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून बघितलं तर व्हिया नावाचे हार्डवेअर एरर ओळीनं पडलेले. म्हणजे प्रोसेसर आतल्या आत चुका पकडून दुरुस्त करत होता आणि मला वाटत होतं सगळं स्टेबल. जी पकडली गेली नसेल ती कुठं गेली? हाच तो गळणारा स्लॅब. टूलपाथमधी असला एखादा आकडा इकडचा तिकडं झाला तर मशीनवर टूल जॉबमधी घुसेल, हे डोक्यात आल्यावर मी त्या रात्री झोपलो नाही.

म्हणून स्टेबल म्हणजे काय हे एका टेस्टवर ठरवू नका. जड लोडची टेस्ट वेगळी, प्राइम९५ किंवा ओसीसीटी रात्रभर. हलक्या लोडची वेगळी, ती म्हणजे आठवडाभर नेहमीसारखं वापरा, झोपवा उठवा, यूट्यूब लावून सोडा. आणि रोज इव्हेंट व्ह्यूअर बघा, एक जरी व्हिया एरर आला तरी दोन पावलं मागं. अजून एक, नुसता दिसणारा मेगाहर्ट्झ बघून फसू नका. व्होल्टेज कमी पडलं की काही प्रोसेसर पडत नाहीत, शिट्टीच लांबवतात, दाखवताना ४.६ दाखवतात आणि खरं काम ४.२ चं. एचडब्ल्यूइन्फोत इफेक्टिव्ह क्लॉक म्हणून वेगळी ओळ असती ती बघा, आणि स्कोअर बघा. व्होल्टेज कमी केल्यावर स्कोअर घसरला तर तुम्ही काही कमावलेलं नाही.

अजून एक गोष्ट लोकांना कोड्यात टाकती. अंडरव्होल्ट केलं पण वॅट तेवढेच! माझं पण तसंच झालं. माझ्या प्रोसेसरला ७६ वॅटची मर्यादा होती, व्होल्टेज कमी झाल्यावर त्यानं वाचलेल्या वॅटात क्लॉक वाढवून घेतला आणि परत ७६ ला जाऊन बसला. उसाला भाव मिळाला की खर्च पण वाढतो, तसं. वीज खरंच वाचवायची असेल तर मर्यादा पण खाली आणायला लागती. मी ती ६० केली, रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो पण पंख्याचा आवाज गेला आणि यूपीएसनं ओव्हरलोडची बोंब मारायचं बंद केलं. मोठ्या प्रोसेसरवाल्यानं ३० वॅट जरी वाचवले तरी दहा तासांच्या हिशेबानं महिन्याला ९ युनिट.

लॅपटॉपवाल्यांनी विचारायच्या आधीच सांगतो, बऱ्याच इंटेल लॅपटॉपमधी व्होल्टेजला हातच लावता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर झाला, व्होल्टेज मुद्दाम कमी करून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या आकडेमोडीत चूक घडवून आणायची आणि त्यातनं गुपितं काढायची. आपण ज्या चुकीला भितो तीच त्यांनी हत्यार केली. मग बायोस अपडेटनं ते दारच बंद केलं. तिथं मागचं जाळीवरचं धुळीचं पोतं काढा आणि पेस्ट बदला, तेवढंच आपल्या हातात.

भाच्याला शेवटी काय करायला लावलं ते सांगतो. मॅन्युअल मोड काढला, अॅडाप्टिव्ह केला, म्हणजे प्रोसेसरची मागणी चालू राहती. त्यावर ऑफसेट, म्हणजे मागेल त्यातनं कपात, उणे ०.०३० व्होल्ट. तेवढंच, आणि तीन दिवस वापर. मग ०.०५०. मग ०.०६०. प्रत्येक पायरीचा वहीत आकडा, तारीख आणि खोलीचं तापमान, मोबाइलमधी नव्हे, वहीत. पीसी सुरूच झाला नाही तर घाबरायचं नाही, मदरबोर्डवरचा बायोसची सेटिंग पुसायचा सीमॉस जंपर वापरायचा, किंवा बटन सेल काढून थोडा वेळ थांबायचं, सगळं मूळ जागी येतंय. ०.०७५ ला त्याचा गेम पडला, म्हणून तो परत ०.०६० ला आला. मी म्हटलं अजून मागं जा, ०.०४५ ठेव, तू हे सगळं जानेवारीत करायलास, पहाटे स्वेटर घालून. तो ऐकंना. तापमान बारा डिग्रीनं उतरलंय, सगळं मस्त चाललंय म्हणतोय, आता ग्राफिक्स कार्डचं पण असंच करता येतं काय विचारायलाय.

वहीतलं एप्रिलचं पान मी त्याला रिकामं सोडायला लावलंय.